माझ्या फोल्डरवरचा पहारा

४ मार्च

प्रिय बारके,

कागदावर पत्र बघून हसशील. हस, पण आधी कारण वाच. मेल ज्या मशीनवर उघडते त्या मशीनवर आम्ही तिघं काम करतो. फोन करावा तर तुझा दादा हाताच्या अंतरावर असतो. 'कोण, बारकी? दे इकडे' म्हणतो आणि काढून घेतो. उत्तरही कागदावरच दे. पाकिटावर माझं नाव घाल, दादाचं नको.

काम मशीनचंच आहे. तुला आमचा धंदा माहीत आहे. संग्रहालयातून जुन्या टेपा येतात, कुणाची गाणी, कुणाची भाषणं. दादा त्या मशीनमध्ये उतरवतो. मी बसून ऐकते, खरखर काढते, टकटक काढते, आणि शेवटचं ऐकून झालं की माझ्या फोल्डरमध्ये ठेवते. तिथे गेलेली फाइल म्हणजे झालेली फाइल. संग्रहालयातले साहेब 'बाईंनी ऐकलंय ना?' असं विचारल्याशिवाय सही करत नाहीत. लग्न झाल्यावर समोरच्या खोलीत पहिलं टेबल मांडलं तेव्हापासून हे असंच आहे. त्याचे हात, माझा कान.

आता त्या फोल्डरमधल्या फाइली बदलताहेत. फाइलचं वजन, म्हणजे ती मशीनमध्ये किती जागा खाते ते, मी टेपेच्या डब्यावर पेन्सिलीने लिहून ठेवते. ही माझी जुनी खोड. परवा एक डबा परत आला म्हणून फाइल काढली, तर वजन जुळेना. मग बाकीच्या पाहिल्या. बऱ्याच जुळेनात. तारीख मात्र मी ठेवली त्याच दिवसाची. कुणीतरी माझी फाइल उघडतं, आत काहीतरी करतं आणि काही झालंच नाही अशी तारीख ठेवून जातं.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एक बाई कामाला आहे. पूर्वी पियानो जुळवून द्यायची. केस कुरळे, म्हणून मी मनात तिला कुरळी म्हणते. हल्ली तोंडातूनही निघतं. ती आणि दादा एकाच तारेला दोन हेडफोन लावून ऐकतात. दोघं एकदम मान वर करतात, एकमेकांकडे बघतात. मी खोलीत आले की दोघं एकदम मान खाली घालतात. माझ्याबरोबर त्याने कधी दोन हेडफोन लावले नाहीत. 'तू ऐक, मला सांग' म्हणायचा. तेव्हा तो मला मान वाटायचा.

माझ्या फोल्डरला कोण हात लावतं हे मशीनने मला सांगावं, एवढंच हवंय. हॉस्पिटलच्या मशीनांवर तू असली कामं करतेस. हेव्याने विचारते आहे असं समजू नकोस. कामाचा प्रश्न आहे.

इकडे सगळं ठीक. कामाचा प्रश्न आहे म्हणून विचारलं.

तुझी
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

कामाचा प्रश्न आहे असं तू दोनदा लिहिलंस, म्हणून मी पत्र दोनदा वाचलं.

आधी दादाची बाजू घेऊन टाकते, म्हणजे ते एक संपेल. त्याला लपवालपवी जमत नाही. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ खायचा आणि आईने विचारायच्या आत 'मी नाही खाल्ला' म्हणायचा. त्या बाईबद्दल तुझ्या पोटात दुखतंय, तर तसं सरळ म्हण. मी कुणाला सांगत नाही.

आता मशीन. तू म्हणतेस तसा प्रोग्रॅम असतो. एखाद्या फोल्डरवर बसवला की तिथली कुठलीही फाइल कुणी उघडली, बदलली, पुसली, तर तो नोंद लिहितो: कुठली फाइल, कुठल्या प्रोग्रॅमने, कुणाच्या नावाने. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. तो चिन्हांवर टिचक्या मारून बसत नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात. सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत. काळी खिडकी उघड आणि एकेक ओळ जशीच्या तशी टाइप करून एंटर दाब. लाल टिंब दिसेल तिथे मोकळी जागा सोडायची. टिंब टाइप करायचं नाही. हे सांगावं लागतंय, कारण मी तुला ओळखते.

पहिली ओळ पहारेकऱ्याला बोलावते. मशीन पासवर्ड विचारेल. टाइप करताना काहीही दिसणार नाही, घाबरू नकोस, ते आत जातंय. मग 'बसवू का?' विचारेल, हो म्हण. दुसऱ्या ओळीत फोल्डरचं नाव. तिसऱ्या ओळीत नोंद कुठे लिहायची ती जागा. तुझ्या हाताशी असेल, तुला सापडेल अशी जागा दे.

पंधरा दिवस ठेव आणि काढून टाक. तोवर कुणाला काही बोलू नकोस.

बारकी
(नावाचीच. परवा लिफ्टमध्ये मी शिरले आणि दोघंजण 'पुढच्या खेपेला येतो' म्हणाले.)


२० मार्च

प्रिय बारके,

दादा टेपयंत्राचा पट्टा आणायला गेला तेव्हा बसले. पहिल्या ओळीत एक टिंब टाइप झालंच. मशीन म्हणालं असं काही अस्तित्वात नाही. परत टाइप केलं. मग ओळींमागून ओळी धावल्या, आणि शेवटी सगळं शांत. मला वाटलं बिघडलं. तसं नव्हतं, बसला होता.

नोंद माझ्याच फोल्डरमध्ये ठेवली. या घरात दार लावून माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद उघडली. बारके, हजारो ओळी. वर सरकवता सरकवता बोट दुखलं. घरात सगळे झोपलेले असताना, समोरची खोली बंद असताना, माझ्या फोल्डरमध्ये एकसारखं कुणीतरी लिहीत होतं. आणि प्रत्येक ओळीत नाव एकच: रूट.

मशीनवर मला माझं नाव आहे, दादाला त्याचं, कुरळीला तिचं. रूट नावाचं आमच्यात कुणी नाही. पण हा शब्द मी ऐकला होता. तिने जास्तीची हार्ड डिस्क जोडली तेव्हा पासवर्ड टाकून म्हणाली होती, 'आता मी रूट, आता मला कुणी अडवू शकत नाही.' आणि दादा हसला होता. घरून मशीनवर यायची सोयही त्याने तिला करून दिली आहे, तिची आई आजारी होती तेव्हा.

तू बोलू नकोस म्हणाली होतीस. मला राहवलं नाही. ती आली तशी दारातच विचारलं.

'घरून आमच्या मशीनवर येता ना तुम्ही?'

'येते कधी कधी. सरांनीच सांगितलंय.'

'माझ्या फाइलींना हात लावता?'

ती माझ्याकडे बघेचना. दादाकडे बघायला लागली. मला तेवढं पुरलं. म्हटलं, किल्ली ठेवा आणि उद्यापासून येऊ नका. तिने पर्स उघडली, किल्ली कड्यातून सोडवायला वेळ लागला. टेबलावर ठेवून गेली. चूक नसती तर भांडली असती की नाही? तूच सांग.

दादाने टेप थांबवली. 'हे बरोबर नाही केलंस' म्हणाला आणि आत निघून गेला. पाठीशी घालणारा एवढंच बोलतो. आता एकटा हेडफोन लावून बसतो. दुसरा तसाच लोंबतो. काढत नाही.

ती गेली तरी नोंद थांबलेली नाही. रूट चालूच आहे. हिला बाहेरूनच कसं तोडायचं ते कळव.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

रूट म्हणजे तू.

शांतपणे वाच. रूट हे माणसाचं नाव नाही. पासवर्ड टाकून मशीनचा पूर्ण ताबा जो घेतो त्याला मशीन त्या नावाने ओळखतं. डिस्क जोडली त्या दिवशी ती बाई झाली असेल. पहारेकरी बसवताना तू झालीस. तो तुझ्या हुकमाने चालतो, म्हणून त्याने केलेलं सगळं रूटच्या नावावर पडतं.

आता नोंद. ती तू ज्या फोल्डरवर पहारा आहे त्याच फोल्डरमध्ये ठेवलीस. कुणीतरी फाइलला हात लावला, पहारेकऱ्याने एक ओळ लिहिली. ओळ लिहिल्यामुळे फोल्डरमध्ये काहीतरी बदललं. बदललं म्हणून त्याने दुसरी ओळ लिहिली. दुसरीमुळे तिसरी. त्या घरात जागं कुणी नव्हतं. तुझा पहारेकरी स्वतःचेच पाय वाजताना ऐकत होता आणि चोर म्हणून लिहीत होता.

हाताशी ठेव असं मीच लिहिलं होतं. 'त्या फोल्डरच्या बाहेर' हे तीन शब्द लिहायला हवे होते. सवयीने गृहीत धरलं.

सोबत दुसरा कागद आहे. आधी पहारेकऱ्याला थांबव. मग ती फुगलेली नोंद पूस. मग नव्या जागेचं नाव दे, मी लिहिलंय तेच दे, आपली अक्कल लावू नकोस. मग पुन्हा सुरू कर.

आणि किल्ली परत दे. हे आज्ञांच्या आधी कर.

बारकी


६ एप्रिल

बारके,

थांबवला, पुसली, हलवली, सुरू केला. किल्ली दिली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? आणि नंतर जे दिसलं त्यावरून वाटतं, नाही दिली ते बरंच झालं.

आता नोंद छोटी असते. दिवसभर रिकामी. मी डबे घेऊन संग्रहालयात जायला निघाले की सुरू होते. नाव तुझ्या दादाचं. माझ्या झालेल्या फाइली एकामागून एक उघडतो, बदलतो, ठेवतो. मी परत यायच्या आत बंद. मी आले की विचारतो, 'साहेब काय म्हणाले?' आणि पाणी आणून देतो. पूर्वी कधी पाणी आणून दिलं नव्हतं.

नोंदीत प्रत्येक फाइलच्या शेवटी एक लहानशी ओळ असते, टच नावाच्या प्रोग्रॅमची. ते काय आहे?

कुरळीचं नाव कुठेच नाही. पण मला आता वेगळंच दिसायला लागलंय. तिच्या कानाने ऐकलेलं तो माझ्या फाइलींत भरतो आहे. मी ऐकलेलं पुसून तिचं घालतो. आधी काम तिचं करायचं, मग एक दिवस साहेबांना सांगायचं की गेले कित्येक महिने तुम्ही बाईंचं म्हणून घेताय ते हिचं आहे. मग खुर्ची आपोआप रिकामी होते. बाई घरात आणायची तर लोक बोलतात, कामात आणली तर कुणी बोलत नाही.

परवा तो आंघोळीला गेला तेव्हा तिचा हेडफोन लावून बघितला. पट्टा तिच्या डोक्याच्या मापाचा होता. मी तो माझ्या मापाचा करून ठेवला. हे तुलाच सांगते.

येत्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे जाते आहे. बॅग काढली आहे. किती दिवस ते सांगितलेलं नाही, त्याने विचारलेलंही नाही.

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

दोन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं.

टच ही एक आज्ञा आहे. फाइलवर हवी ती तारीख घालते. बदललेल्या फाइलवर जुनी तारीख परत बसवायची तर तिचाच उपयोग. दादाला ती मी शिकवली. गेल्या पावसाळ्यात त्याने फोनवर विचारलं, मला वाटलं संग्रहालयाची काहीतरी अट असेल. मी सांगितलं आणि विसरले. तुझ्या पत्रात ते नाव वाचलं तेव्हा आठवलं.

म्हणजे त्याने लपवलं, हे तुझं खरं. लपवता येत नाही असं मी लिहिलं होतं, ते परत घेते. यापुढे बाजू घेत नाही, त्याची नाही आणि खरं सांगायचं तर तुझीही नाही. तू तीनदा तर्क केलास. एकदा रूट माणूस झाला, एकदा ती बाई चोर झाली, आता दादा तिला गादीवर बसवतो आहे. पहारेकरी कोणी उघडलं ते सांगतो, कशासाठी ते त्याला माहीत नसतं. ती रिकामी जागा तू भरतेस, आणि दरवेळी त्या बाईनेच भरतेस.

तू विचार त्याला. मी फोन करून विचारलं असतं, पण मग ते आम्हा भावंडांतलं झालं असतं आणि तुला तेही आवडलं नसतं. बरोबर ना?

काढायचा कागद जोडला आहे. आधी थांबवायचा, हे विसरू नकोस. न थांबवता काढलास तर प्रोग्रॅम मशीनमधून जातो, पण आधी सुरू झालेला पहारा मशीन बंद होईपर्यंत चालूच राहतो. काढायच्या दोन आज्ञा आहेत. एक प्रोग्रॅम काढते आणि त्याची मांडणी मागे ठेवते, म्हणजे परत बसवला तर जिथल्या तिथे सुरू. दुसरी सगळंच नेते. मी दुसरी लिहिली आहे. नोंदीची फाइल मात्र तुझी तुलाच पुसावी लागेल.

बहिणीकडे जायचंच असेल तर विचारून झाल्यावर जा.

बारकी


२५ एप्रिल

प्रिय बारके,

बहिणीकडे गेले नाही.

तो टेपयंत्र पुसत होता, स्पिरिटमध्ये बोळा बुडवून, टेप घासून जाते तो भाग. विचारलं, 'माझ्या झालेल्या फाइली का उघडतोस?'

बोळा थांबला नाही. 'तुला कुणी सांगितलं?'

'मशीनने.'

त्याने हात पुसले. मला खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला आणि एक फाइल लावली. व्हायोलिन होतं. माझीच फाइल, मी ठेवली होती तशी. त्याने मूळच्या सगळ्या वेगळ्या जपल्या आहेत. म्हणाला, 'काय ऐकू येतं?' मी म्हटलं, 'व्हायोलिन.' 'आणि?' 'आणि काय? स्वच्छ आहे.' मग त्याने पडद्यावर आवाजाचं चित्र काढलं. वरच्या बाजूला एक बारीक रेघ होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'ही शिट्टी आहे,' म्हणाला. मी आवाज वाढवला. व्हायोलिन मोठं झालं. रेघ दिसत होती, ऐकू येत नव्हती.

ती कामाला लागली त्याच आठवड्यात तिने त्याला सांगितलं. आधी तो तिच्यावर चिडला. मग कान देऊन ऐकल्यावर त्यालाही बारीकशी ऐकू आली. त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं की मला सांगायचं नाही. दोघं मान वर करायचे ते त्या शिट्टीपाशी. आपल्या मनाने पुढच्या फाइली तो स्वतःच साफ करत बसला. तिला हात लावू दिला नाही, म्हणे तुझ्या कामाला परक्याने हात लावायला नको.

'तुझं नाव राहावं म्हणून केलं,' म्हणाला.

'नाव कानाचं होतं,' मी म्हटलं. 'ते तू कशावर ठेवलंस?'

त्या दोघांत काहीतरी आहे हे मला वाटत होतं, ते खरंच होतं बघ. दुसरं काही असतं तर मी भांडले असते. तसलं भांडण कसं करायचं ते कुणालाही येतं. माझी कीव करणाऱ्या नवऱ्याशी कसं भांडतात ते मला अजून सुचलेलं नाही. चौथ्या दिवशी तुझा कागद काढला. म्हटलं, तू वाच, मी टाइप करते.

पहिली ओळ वाचून तो म्हणाला, 'हा माझ्यावर बसवला होतास?'

'फोल्डरवर.'

'तेच ते.'

थांबवला. काढला. नोंद पुसताना मला वाटलं मशीन एकदा तरी विचारेल, नक्की ना? नाही विचारलं.

मग मी कुरळीकडे गेले. तिच्या घरात जिन्याखाली उघडा पियानो आहे, पोटातल्या तारा दिसतात असा. तिने स्टूल पुढे केलं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, 'तुम्हाला माहीत होतं.'

'हो.'

'मग त्या दिवशी बोलला का नाहीत?'

'काय बोलू? बाई, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणू?'

'मी बहिरी नाही.'

'नाही. आधी वरचं जातं,' ती म्हणाली. 'माझ्या वडिलांचं गेलं. ते लोकांचे पियानो जुळवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून जायची, वरचे सूर परत जुळवून यायची.'

'त्यांना कळलं?'

'नाही. शेवटपर्यंत स्वतःच्या हातावर खूश होते.' मग म्हणाली, 'सरांना मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगून टाका. मला ते काम परत करायचं नव्हतं.'

त्या बाईने माझ्याबद्दल माझ्या नवऱ्यापेक्षा बरा विचार केला होता. हे कळल्यावर ती मला आवडायला लागली असं तुला वाटत असेल, तर नाही. हेवा पूर्वी वाटत होता त्याहून जास्त वाटतो. तेव्हा निदान आपण चुकत असू अशी शंका होती.

ती परत येते आहे. शेवटचं ऐकणं आता तिचं. साहेबांना मी स्वतः सांगणार आहे, पुढच्या खेपेला. दादा म्हणतो मी सांगतो. मी नको म्हटलं.

काल आम्ही पहिल्यांदा तसे बसलो. ती माझ्या खुर्चीत, मी बाजूला, दादा टेपांपाशी पाठ करून. मी साफ केलेलं एक गाणं होतं, त्यातली शिट्टी ती काढत होती. पडद्यावर रेघ फिकी होत होत दिसेनाशी झाली. ती म्हणाली, 'बघा, गेली का?'

सवयीने विचारलं असेल. पडदा माझ्यासमोर होता. रेघ नव्हती. 'गेली' म्हटलं असतं तर दादाने वळून पाहिलं असतं, मला माहीत आहे. माझ्या तोंडात शब्द आलाही होता.

'मला कळत नाही,' मी म्हणाले. 'तुम्ही सांगा.'

तिने डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.

'आहे,' ती म्हणाली. 'अगदी थोडी आहे अजून.'

तुझी
वहिनी